वडिलांची महागडी गाडी मागे राहिली: ठेवायची की विकायची?

बाबा गेल्यानंतर अठरा दिवस त्यांची गाडी पार्किंगमधून हलली नव्हती. एकोणिसाव्या दिवशी भाऊ चावी घेऊन खाली गेला आणि पाच मिनिटांत परत आला. "ताई, दारच उघडत नाहीये." बॅटरी पार बसली होती. त्याआधी तेराव्यालाच एका परिचिताने त्याला बाजूला घेऊन "गाडी द्यायची झाली तर आधी मला सांगा" म्हणून ठेवलं होतं. मामा म्हणत होते, भाऊजींची आठवण आहे, विकू नका. आई काहीच बोलत नव्हती.

आमची गाडी म्हणजे २०१६ ची जर्मन डिझेल सेडान, ठाण्यात नोंदलेली. मी पाचपाखाडीत राहते, भाऊ नेरुळला. दोघांनाही अशा गाडीचा काही अनुभव नव्हता. पुढच्या काही महिन्यांत आम्ही जे शिकलो ते इथे क्रमाने लिहिते आहे, कारण हा प्रश्न येतो तेव्हा घरात कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं आणि सल्ले मात्र चारही बाजूंनी येत असतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. गाडी ठेवणं बरोबर ठरू शकतं, विकणंही बरोबर ठरू शकतं. नुकसान होतं ते तिसऱ्याच गोष्टीत: कुणी काहीच ठरवत नाही आणि गाडी झाकून उभी राहते. वर्षभराने तिची किंमत उतरलेली असते, टायर चपटलेले असतात, विमा संपलेला असतो आणि कागद अजून गेलेल्या माणसाच्याच नावावर असतात. म्हणून आधी कागद, मग गाडीची तब्येत, मग पैशाचा हिशेब आणि शेवटी मन, या क्रमाने जा.

आरसी उघडून तीन गोष्टी बघा

पहिली, मालकाचं नाव. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखानदार, ठेकेदार, डॉक्टर महागड्या गाड्या बरेचदा फर्मच्या किंवा कंपनीच्या नावावर घेतात. आरसीवर प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं नाव असेल तर ती गाडी वारसांची नाही, कंपनीची आहे. तिचं काय करायचं ते कंपनीचे संचालक ठराव करून ठरवतील. तुमच्याकडे वारसाने आले असतील ते कंपनीचे शेअर. मालक एकटाच असलेल्या धंद्याची गाडी वारसांकडे येते, पण हिशेबाच्या वह्यांत तिच्यावर घसारा लावलेला असेल तर विक्रीवरच्या कराचं गणित बदलतं. तिथे सीएला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी, कर्जाचा बोजा. आरसीवर बँकेचं हायपोथिकेशन दिसत असेल तर आधी बँकेत जा आणि कर्जासोबत कर्जदाराचा विमा काढला होता का हे पहिल्याच भेटीत विचारा. असा विमा असला तर उरलेलं कर्ज त्यातून फिटू शकतं, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. कर्ज फिटलेलं असूनही बोजा आरसीवर तसाच राहिलेला असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवावा लागतो. हे काम आधी करा, नाहीतर पुढचं सगळं इथेच अडकतं.

तिसरी, नोंदणीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते. दिल्ली परिसरातल्या दहा वर्षं जुन्या डिझेल गाड्यांच्या बातम्या वाचून आमच्याही घरात घबराट झाली होती. तो नियम महाराष्ट्राला लागू नाही. मात्र १५ वर्षांनंतरच्या पहिल्या नूतनीकरणाचं शुल्क साध्या गाडीला ५,००० रुपये आणि परदेशातून अख्खी आयात केलेल्या गाडीला ४०,००० रुपये आहे, त्यावर पर्यावरण कर वेगळा. जर्मन नाव म्हणजे आयात गाडी, असं नसतं. मर्सिडीजच्या बहुतेक गाड्या चाकणला, ऑडीच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला आणि बीएमडब्ल्यूच्या चेन्नईजवळ जोडल्या जातात. तुमची गाडी यातली आहे की बाहेरून आलेली, हे माहीत असू द्या. सुटे भाग आणि विक्री दोन्हींवर त्याचा परिणाम होतो.

तीस दिवस आणि तीन महिने

मोटार वाहन नियमांत यासाठी स्वतंत्र तरतूद आहे, केंद्रीय नियम ५६. मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांच्या आत, गाडी ज्याच्या ताब्यात आली त्याने आरटीओला मृत्यूची आणि गाडी वापरण्याच्या इच्छेची लेखी माहिती द्यायची. तशी दिली तर तीन महिने ती गाडी आपल्या नावावर असल्यासारखी वापरता येते. त्याच तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून ती नावावर करायचा अर्ज द्यायचा. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव घालता येतं. ते असेल तर हेच काम सोपं होतं, पण मुदती त्याच.

अर्ज गाडी जिथे नोंदलेली आहे तिथे: एमएच-०४ असेल तर ठाणे, ०५ कल्याण, ४३ नवी मुंबई, ४६ पनवेल. भाऊ नेरुळला राहतो म्हणून वाशीच्या बाजूने काम होईल असं आम्ही धरून चाललो होतो आणि एक अख्खा दिवस घालवला. सोबत मूळ आरसी, मृत्यूचा दाखला, चालू विमा, पीयूसी, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट आणि इतर वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागतं. महापालिकेतून मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढून ठेवा. बँक, विमा, सोसायटी, आरटीओ, सगळे तो मागतात.

वारस कोण, यात घरोघरी चूक होते. हिंदू वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि गेलेल्या माणसाची आई हे सगळे पहिल्या वर्गात, समान हिश्शाने येतात. म्हणजे आजी हयात असेल तर गाडीत तिचाही हिस्सा आहे. लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीचा तर आहेच. नॉमिनीमुळे कागद हलायला मदत होते, बाकीच्यांचा हक्क त्याने जात नाही. आमची आजी गावी असते. तिची सही घ्यायला भाऊ स्वतः गेला, फोनवर 'हो' म्हणवून घेतलं नाही. चार तासांचा प्रवास होता, पण आजीला बरं वाटलं.

आता जे कळकळीने सांगायचं आहे ते. आरटीओच्या बाहेर कुणीतरी तुम्हाला सांगेल: "मॅडम, नावावर करत कशाला बसता? साहेबांच्या नावावरूनच डायरेक्ट ट्रान्सफर टाकू, तारीख मागची घालू, सही आम्ही बघतो." आम्हालाही सांगितलं गेलं. याचा साधा अर्थ गेलेल्या माणसाची खोटी सही करणं. तो गुन्हा आहे आणि उघडकीला आला तर अडकतो तो वारस, कारण फायदा त्याला झालेला असतो. शिवाय दुसऱ्या बहिणीने किंवा भावाने हरकत घेतली तर ती विक्री टिकत नाही. विकायचीच असली तरी आधी फॉर्म ३१, मग विक्री. वेळ जातो, जाऊ द्या.

विमा

मालक गेला म्हणून पॉलिसी त्याच क्षणी संपत नाही. मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यांतलं जे आधी येईल तोपर्यंत ती चालू राहते. तेवढ्या काळात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यायची किंवा नवी काढायची. ही तारीख कॅलेंडरवर लिहून फ्रिजवर लावा, अक्षरशः.

नो क्लेम बोनसबद्दल फार थोड्यांना माहीत असतं. एरवी तो गाडीबरोबर जात नाही, माणसाबरोबर राहतो. पण मालकाच्या मृत्यूनंतर गाडी पत्नी, मुलं किंवा आईवडिलांकडे आली तर तो बोनस त्यांना मिळतो. बाबांनी वर्षानुवर्षं क्लेम घेतला नसेल तर ही सूट स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत असते. महागड्या गाडीत ही रक्कम मोठी होते. विमा कंपनीकडे ती स्वतःहून मागा.

आणि नवी पॉलिसी घेताना इंजिन प्रोटेक्शन जोडलेलं आहे ना ते बघा. पाण्यात गाडी बंद पडून इंजिनात पाणी गेलं तर साध्या पॉलिसीत ते नुकसान सहसा बसत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये ही शक्यता अगदी रोजची आहे.

किरकोळ वाटणारी पण अडवणारी आणखी तीन कामं: थकलेली ई-चलनं भरून टाका, १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबर प्लेट बसवून घ्या, आणि फास्टॅग बाबांच्या नावावरचा बंद करून नव्या मालकाच्या नावाने घ्या.

निर्णय होईपर्यंत गाडीची निगा

आठवड्यातून एकदा गाडी जागेवर चालू करून दहा मिनिटं ठेवायची, हा सल्ला सगळे देतात. त्याने बॅटरी नीट भरत नाही, इंजिन पुरतं तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास नीट चालवा. रविवारी सकाळी पाम बीच रोड किंवा पूर्व द्रुतगती मार्ग मोकळा असतो. बॅटरी बदलावी लागली तर कोपऱ्यावरच्या दुकानातून कुठलीही बसवून आणू नका. अशा बऱ्याच गाड्यांना एजीएम नावाची खास बॅटरी लागते, आणि काहींत ती बदलल्यावर गाडीच्या संगणकात नोंदवावीही लागते. आमच्याकडे पहिल्यांदा साधी बॅटरी बसवली गेली. दोन महिन्यांत तीही बसली.

उंदीर हा खरा शत्रू. पावसाळ्यात ते उबेसाठी बॉनेटखाली येतात आणि वायरिंग कुरतडतात. साध्या गाडीत दोन वायरी जोडून भागतं. या गाड्यांत कधी अख्खा हार्नेस बदलायची वेळ येते. दर तीन-चार दिवसांनी बॉनेट उघडून बघा.

तुमच्या टॉवरमध्ये यांत्रिक पार्किंग असेल तर पाटीवर लिहिलेली लांबी, उंची आणि वजन गाडीच्या पुस्तकाशी ताडून बघा. २०१७ पासून भारतात आलेली लांब व्हीलबेसची मर्सिडीज ई-क्लास पाच मीटरहून लांब आहे, आणि मोठ्या एसयूव्ही दोन टनांच्या पुढे जातात. बाबांची जागा खड्ड्यातल्या स्तरावर असेल तर पावसाळ्यापुरती वरची जागा मागून घ्या. अशा खड्ड्यात पाणी शिरलं तर गाडी तिथून हलवतासुद्धा येत नाही. पाणी लागलेली गाडी चुकूनही चालू करायची नाही. थेट टो करून गॅरेजला न्यायची आणि विमा कंपनीला कळवायचं.

गाडी खरी कशी आहे

इथे पैसे खर्च करा. एक तपासणी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये, दुसरी याच बनावटीच्या गाड्या रोज उघडणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडे. ठाण्यात वागळे इस्टेट आणि नवी मुंबईत तुर्भे एमआयडीसीत अशी गॅरेजं मिळतात. गाडी विकायची आहे की ठेवायची, हे दोघांनाही सांगू नका. "नुकतीच माझ्याकडे आली आहे, हिची अवस्था जाणून घ्यायची आहे" एवढंच सांगा. गाडी लिफ्टवर घेतात आणि स्कॅनर लावतात तेव्हा स्वतः उभे राहा.

काय बघायचं? टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो: २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच-सहा वर्षांवरचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायच्या यादीत धरा. बीएमडब्ल्यूसारख्या बऱ्याच गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात. पंक्चर झाल्यावरही साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत जाता येतं. त्या गाड्यांत सहसा स्टेपनी नसते, आणि टायर महाग असतात.

गिअरबॉक्सचं तेल हा दुसरा मुद्दा. "हे तेल आयुष्यभर बदलायचं नसतं" असं सर्व्हिसच्या वेळी ऐकायला मिळतं. पण बीएमडब्ल्यू, ऑडी, जग्वार अशा अनेक गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या आत, किंवा आठ वर्षांत तेल बदलायला सांगते. बाबांच्या बिलांमध्ये ते दिसलं नाही तर खर्चात धरा.

एअर सस्पेन्शन असेल तर रात्री गाडी उभी करताना चारही चाकांच्या कमानीची उंची मोजा, सकाळी परत मोजा. एक कोपरा बसलेला असेल तर हवा गळते आहे, आणि ती भरून काढता काढता काँप्रेसर जळतो. २००७ ते २०१४ च्या आसपासच्या बीएमडब्ल्यू डिझेलमध्ये एन४७ इंजिन असेल तर टायमिंग चेनचा आवाज जाणकाराकडूनच ऐकवून घ्या. त्या इंजिनात चेन मागच्या बाजूला आहे, तिथवर पोहोचायलाच मोठी उघडझाप करावी लागते. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ फिल्टर असतोच. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर एवढ्याच फेऱ्या मारल्या तर तो चोंदतो, कारण आतली काजळी जाळायला त्याला लांबचा, गरम प्रवास लागतो. ठाण्याच्या तीन हात नाक्यावर रोज रखडणाऱ्या माणसासाठी जुनी डिझेल आलिशान गाडी या एका कारणानेच अयोग्य ठरू शकते.

शेवटी बाबांची फाइल. बाबा प्रत्येक बिल जपून ठेवत. त्या फाइलमुळे आम्हाला नंतर किमतीत सरळ फायदा झाला. फाइल नसेल तर चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरकडून इतिहास काढून घ्या.

तपासणीतून आलेल्या कामांचे तीन ढीग करा: सुरक्षेची (ब्रेक, टायर, स्टिअरिंग), गाडी बंद पाडू शकतील अशी, आणि दिसण्याची. पहिल्या ढिगातली कामं कुठल्याही निर्णयाच्या आधी करा. आई त्या गाडीत बसणार असते.

तीन वर्षांचा हिशेब

या गाड्यांबद्दलची सगळ्यात मोठी गैरसमजूत इथे आहे. ५५ लाखांची गाडी दहा वर्षांनी १२ लाखांना मिळते म्हणून ती १२ लाखांच्या गाडीसारखी सांभाळता येईल, असं वाटतं. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची नाही. ब्रेक डिस्क, सस्पेन्शनचे हात, हेडलाइट, सगळं ५५ लाखांच्याच गाडीचं राहतं.

आम्ही असा कागद केला. आकडे आम्ही धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. आज मिळणारी किंमत १४ लाख. तीन वर्षांनी ९ लाख मिळतील असं धरलं, म्हणजे घसरण ५ लाख. विमा वर्षाला ४५ हजार, तीन वर्षांचे १ लाख ३५ हजार. नेहमीची सर्व्हिस वर्षाला ६० हजार, एकूण १ लाख ८० हजार. टायर ८० हजार, बॅटरी ३० हजार. आणि एका मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेले दीड लाख. बेरीज १० लाख ७५ हजार. छत्तीस महिन्यांनी भागलं तर महिन्याला जवळजवळ ३० हजार, इंधन सोडून. महिन्याला ६०० किलोमीटर, लिटरला दहाचं मायलेज आणि डिझेल ९० च्या आसपास धरलं तर आणखी ५,४०० रुपये.

हा कागद आईसमोर ठेवला तेव्हा भाऊ म्हणाला, "पण गाडी तर फुकट आली आहे ना?" घरोघरी हेच वाक्य निघतं. गाडी फुकट आलेली नाही, १४ लाख रुपये गाडीच्या रूपात आले आहेत. हेच १४ लाख रोख आले असते तर आपण त्यांची हीच गाडी घेतली असती का? हा प्रश्न मी भावाला विचारला आणि तो बराच वेळ गप्प बसला.

किंमत ठरवताना कानावर आलेल्या आकड्यांवर जाऊ नका. जाहिरातीत दिसते ती मागितलेली किंमत, व्यवहार तिच्याखाली होतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मोठ्या गाड्यांवरचा कर उपकरासह ४८-५० टक्क्यांवरून सरळ ४० टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव खाली ओढला जातो, म्हणून त्याआधीचे भाव विसरा. दिल्लीकडून कमी किमतीत येणाऱ्या गाड्यांचाही दबाव असतोच. स्थानिक नंबर, एकच मालक आणि पूर्ण फाइल ही तुमची जमेची बाजू.

ठेवणं कधी बरोबर

माझ्या मते चार गोष्टी एकत्र जुळल्या तर ठेवा. घरात ती आवडीने चालवणारं माणूस आहे. महिन्यातून दोन-चार वेळा पुणे, नाशिक, गाव असा लांबचा प्रवास होतो. विश्वासाचं स्वतंत्र गॅरेज सापडलं आहे. आणि दोन लाख रुपये वेगळ्या खात्यात ठेवून त्यांना हात न लावण्याची ऐपत आहे. शेवटची अट जाचक वाटेल, पण तीच निर्णायक असते. दुरुस्तीचा खर्च आला आणि पैसे नसले की गाडी उभी राहते.

एका भावंडाने ठेवायची असेल तर तीन ठिकाणचे भाव घ्या, सरासरी काढा आणि इतरांचे हिस्से त्या किमतीने द्या किंवा दुसऱ्या मालमत्तेत वळते करा. लिहून ठेवा. "आपल्यात कसला हिशेब" म्हणून सोडून दिलेली गोष्ट पाच वर्षांनी वेगळ्याच भांडणात वर येते.

आई किंवा बाबा मागे एकटे असतील तर त्यांना विचारा, आणि उत्तराची वाट बघा. गाडी खाली उभी दिसली की आईला बरं वाटतं का त्रास होतो, हे तुम्ही गृहीत धरू नका. आमची आई सातव्या आठवड्यात बोलली. "ह्यांनी ती चालवायला घेतली होती, झाकून ठेवायला नाही." तिच्या गुडघ्यांना खाली बसणारी सेडान कधीच सोयीची नव्हती, हेही तिने तेव्हाच सांगितलं. बाबांना वाईट वाटेल म्हणून ती आजवर बोलली नव्हती.

विकायचं ठरलं तर

विकण्यापूर्वी मोठी दुरुस्ती करू नका, घातलेले पैसे क्वचितच वसूल होतात. दोष लेखी सांगा आणि किमतीत धरा. धुणं, आतली सफाई, लहानसहान दिवे, वायपर एवढं मात्र करा.

तीन प्रकारचे भाव घ्या: त्याच बनावटीच्या डीलरकडचा जुन्या गाड्यांचा विभाग, जुन्या आलिशान गाड्यांचा व्यापारी आणि थेट ग्राहक. व्यापाऱ्याचा भाव कमी असणार. त्याला गाडी उभी ठेवायची असते आणि त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटीही असतो. थेट ग्राहक जास्त देतो, पण वेळ खातो. आलिशान गाडीला गिऱ्हाईक थोडं असतं, दोन महिने लागले तर घाबरू नका.

व्यापाऱ्याला देताना त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून नियम असा आहे की अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची नोंद फॉर्म २९-सी ने झाली की तिची जबाबदारी त्याच्यावर जाते. नुसत्या मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, तारखा कोऱ्या सोडून चावी देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की गाडी विकली तरी आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तो बांधील. आमच्या बाबतीत फॉर्म ३१ नंतर आरसीवर आईचं नाव आलं होतं. सत्तरीच्या बाईला कुठल्या तरी महामार्गावरच्या अपघाताची नोटीस यावी, ही कल्पनासुद्धा मला सहन होत नव्हती.

पैसे बँकेतूनच घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे. पैसे खात्यात दिसल्यावरच चावी द्या. मेसेज बघून नाही, बँकेचं खातं उघडून बघून. डिलिव्हरी नोटवर तारीख, वेळ, किलोमीटर आणि खरेदीदाराची सही घ्या. त्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा. त्याच राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते दुसऱ्यावर सोडू नका.

कराची चिंता घरगुती गाडीत नसते. वारसाने गाडी मिळाली म्हणून कर नाही, वारसा कर देशात १९८५ पासूनच नाही. घरच्या वापरातली गाडी भांडवली मालमत्ता धरत नाहीत, त्यामुळे विक्रीवर भांडवली लाभाचा करही नाही. धंद्याच्या गाडीचं वर लिहिलंच आहे.

चावी देण्याआधी गाडीच्या पडद्यात जोडलेले फोन, घराचा पत्ता, संपर्क पुसून टाका. कंपनीच्या ॲपवर बाबांचं खातं असेल तर त्यातून गाडी काढा. दुसरी चावी शोधा, ती नसली की किंमत पडते. सगळे कप्पे, सीटखालच्या जागा, डिकीचा तळ हाताने चाचपून बघा. आम्हाला दाराच्या कप्प्यात बाबांचा चष्मा मिळाला, आणि सनशेडमागे त्यांनी अडकवलेली अटल सेतूची पहिली टोलपावती.

आमची गाडी पुण्याच्या एका डॉक्टरांनी घेतली. आमच्या अंदाजापेक्षा ६० हजार कमी आले, पण तपासणीचे दोन्ही अहवाल वाचून, काही न लपवता झालेला व्यवहार होता. डिलिव्हरी नोटवर मी संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटं अशी वेळ लिहिली. सोळा दिवसांनी आईच्या फोनवर आरसी दुसऱ्या नावावर झाल्याचा मेसेज आला. त्या दिवशी फास्टॅगच्या खात्यातले उरलेले पैसे परत मागितले आणि बाबांची बिलांची रिकामी झालेली फाइल कपाटात ठेवून दिली.